रेडमधली एक डिस्क पुन्हा पुन्हा बाहेर पडते? नवी डिस्क घेण्याआधी हे तपासा

लक्षणं

घरच्या सर्व्हरवर दोन हार्ड डिस्कचा मिरर (दोन्हींवर तोच डेटा ठेवणारी जोडी), म्हणजे रेड १, लिनक्सच्या एमडीएडीएम या रेड सांभाळणाऱ्या साधनाने बांधलेला आहे. एके दिवशी त्यातली एक डिस्क बाहेर पडते. तुम्ही ती परत जोडता, रात्रभर रिबिल्ड (दुसऱ्या डिस्कवरून तिच्यावर पुन्हा प्रत उतरवणं) चालतं, सकाळी सगळं ठीक. दहा-पंधरा दिवस बरे जातात आणि पुन्हा तेच रामायण. अशा सर्व्हरवर साधारणपणे पुढच्या गोष्टी दिसतात:

- /प्रॉक मधल्या एमडीस्टॅट फाइलमध्ये चौकटी कंसात दोन यू दिसायला हवेत. तिथे एक यू आणि एक अंडरस्कोर असतो. बाहेर पडलेल्या डिस्कच्या नावापुढे एफ हे अक्षर.
- डीमेसेजमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या (कर्नलच्या) नोंदींत, 'हार्ड रिसेटिंग लिंक', 'एक्सेप्शन ईमास्क', 'आय-ओ एरर' अशा ओळींची रांग.
- एखादा फोटो उघडताना सर्व्हर अर्धा-एक मिनिट गोठतो, मग काही झालंच नाही असा चालू लागतो.
- बाहेर पडलेली डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला लावली की व्यवस्थित वाचली जाते.
- रीबूट केल्यावर डिस्क पुन्हा दिसते, पण कधी कधी तिचं लिनक्सने दिलेलं नाव एसडीबीचं एसडीसी झालेलं असतं.

एक गोष्ट मात्र लक्षण नाही. डेबियन आणि उबुंटूवर महिन्याच्या पहिल्या रविवारी रेडची तपासणी आपोआप सुरू होण्याची सोय असते. त्या दिवशी एमडीस्टॅटमध्ये 'चेक' आणि टक्केवारी दिसते आणि लोक घाबरून फोन करतात. दोन्ही यू जागेवर असतील तर चालू द्या.

आता मुख्य मुद्दा. वारंवार बाहेर पडणारी डिस्क बहुतेक वेळा मेलेली नसते. दोष निघतो केबलमध्ये, विजेत, नाही तर डिस्क आणि कर्नल यांच्या वेळेच्या गणितात. पण सगळ्यात आधी खरेदी होते ती नव्या डिस्कची. महिन्याभरात तीही त्याच केबलवरून बाहेर पडते आणि मग 'हल्ली मालच खराब येतो' असा निष्कर्ष निघतो. म्हणून खाली स्वस्त आणि सोप्या गोष्टी आधी घेतल्या आहेत. कमांडांची नावं उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत.

स्क्रूड्रायव्हर उचलण्याआधी

रिबिल्ड लगेच सुरू करू नका. आधी बॅकअप.

कारण सरळ आहे. या क्षणी तुमचा सगळा डेटा एकाच डिस्कवर आहे, आणि रिबिल्ड म्हणजे ती एकुलती एक डिस्क पहिल्या सेक्टरपासून शेवटच्या सेक्टरपर्यंत न थांबता वाचणं. ४ टीबीच्या डिस्कला सेकंदाला दीडशे एमबीच्या वेगाने सात-साडेसात तास लागतात. प्रत्यक्षात शेवटच्या टप्प्यात वेग उतरतो, त्यामुळे आणखी जास्तच. दोन्ही डिस्क एकाच दिवशी, एकाच दुकानातून, एकाच खोक्यातून घेतलेल्या असतील तर दोघींचं वयही तेवढंच आणि झीजही तेवढीच. त्यामुळे शिल्लक असलेली डिस्क निर्धोक आहे असं धरून चालता येत नाही.

रेड हा बॅकअप नाही हे सगळ्यांना तोंडपाठ असतं आणि तरी घराघरांत तोच एकमेव बॅकअप असतो. तेव्हा बाहेरची एखादी यूएसबी डिस्क आणा, महत्त्वाचे फोल्डर तिच्यावर उतरवा आणि त्यातल्या चार-दोन फाइली उघडून बघा. नुसतं 'कॉपी झाली' या संदेशावर विसंबू नका.

१. लॉग वाचा (खर्च शून्य)

दोन प्रश्नांची उत्तरं हवीत: नेमकी कोणती डिस्क, आणि नेमकी कधी.

पहिल्यासाठी एसडीबी, एसडीसी या नावांवर विश्वास ठेवू नका, रीबूटनंतर ती बदलू शकतात. /डेव्ह/डिस्क/बाय-आयडी या फोल्डरमध्ये प्रत्येक डिस्कचा सीरियल नंबर दिसतो आणि तोच डिस्कच्या लेबलवर छापलेला असतो. नंबराचे शेवटचे चार आकडे कागदी टेपवर लिहून डिस्कच्या समोरून दिसणाऱ्या कडेला चिकटवा. चुकून चांगली डिस्क उपसून काढली तर मिरर बंद पडतो, आणि कॅबिनेटमध्ये मान घालून टॉर्चच्या उजेडात हे घडायला वेळ लागत नाही.

दुसऱ्यासाठी जर्नलसीटीएलमधून मागच्या काही घटनांच्या वेळा काढून वहीत लिहा. बॅकअपच्या वेळी? दुपारी, खोली तापल्यावर? लाइट जाऊन आल्यावर? वेळेत ठरावीकपणा दिसला की पुढची निम्मी शोधाशोध वाचते.

२. स्मार्टचे आकडे (खर्च शून्य)

स्मार्ट म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद. स्मार्टसीटीएलने दोन्ही डिस्कची पूर्ण यादी काढा. यादी लांबलचक असते, आपल्याला त्यातल्या मोजक्याच ओळी हव्यात आणि बघायचा तो शेवटचा 'रॉ' रकाना.

क्रमांक १९९, सीआरसी एरर. डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यामध्ये जाता-येता डेटा बिघडला की हा वाढतो. म्हणजे संशय केबलवर किंवा पोर्टवर. हा आकडा कधीच मागे येत नाही, त्यामुळे '४७' दिसले म्हणून घाबरू नका. आज लिहून ठेवा, आठवड्याने पुन्हा बघा. तेवढाच असेल तर जुनी जखम आहे, वाढला असेल तर चालू आहे.

क्रमांक ५, १९७ आणि १९८. हे डिस्कच्या पृष्ठभागाचे आकडे. ५ म्हणजे बदलून टाकलेले सेक्टर, १९७ म्हणजे वाचता न आल्याने ताटकळलेले, १९८ म्हणजे तपासणीत दुरुस्त न झालेले. हे वाढताना दिसले तर डिस्कच दोषी आहे. मधल्या पायऱ्या सोडून थेट नवव्या पायरीकडे जा.

क्रमांक १२, पॉवर सायकल. याच्याकडे फार कमी लोक बघतात आणि मला यानेच सगळ्यात जास्त वेळा वाट दाखवली आहे. डिस्कची वीज किती वेळा गेली आणि आली त्याची ही मोजणी. सर्व्हर तीन आठवडे सलग चालू आहे असं अपटाइम सांगतो आणि तेवढ्यात एका डिस्कचा हा आकडा पाचने वाढलेला असतो, तर कॉम्प्युटर चालू असताना त्या एकट्या डिस्कची वीज तुटत होती हे सिद्ध झालं. सरळ चौथ्या पायरीवर या.

सीगेटच्या डिस्कवर क्रमांक १ आणि ७ पुढे कोटींतले आकडे दिसतात. ते वेगळ्या पद्धतीने मोजलेले असतात, त्यांच्याकडे दुर्लक्ष करा.

डिस्क स्वस्तात 'जवळपास नवी' म्हणून घेतली असेल तर क्रमांक ९, म्हणजे चालू राहिलेले तास, नक्की बघा. हा आकडा पुसून शून्य केलेल्या डिस्कही बाजारात फिरतात. सीगेटच्या अलीकडच्या डिस्कमध्ये 'फार्म' नावाची वेगळी नोंद असते आणि स्मार्टमोनटूल्स ७.४ पासून ती वाचता येते. दोन्हीकडचे तास जुळले नाहीत तर डिस्क दुकानदाराला परत करा.

३. डेटा केबल (शंभर-दीडशे रुपये)

सर्व्हर बंद करा, मागचा स्विचही बंद करा. दोन्ही टोकांनी केबल काढून पुन्हा नीट बसवा. कॉनेक्टरवर धातूची छोटी खिट्टी असलेली केबलच वापरा. मदरबोर्डच्या डब्यात फुकट येणाऱ्या साध्या लाल केबलींना बऱ्याचदा ती नसते, आणि डिस्कच्या रोजच्या थरथरीने कॉनेक्टर केसभर सरकला तरी पुरतं. केबली झिपटायने आवळून एकाच जुडग्यात बांधल्या असतील तर सोडवा, काटकोनात मोडल्या असतील तर बदला. सॅटा केबल एक मीटरपेक्षा लांब नसावी.

नवी केबल लगेच मिळत नसेल तर दोन डिस्कच्या केबलींची अदलाबदल करा. दोष दुसऱ्या डिस्ककडे गेला तर केबल वाईट, पहिलीकडेच राहिला तर केबल निर्दोष. मात्र हा प्रयोग बॅकअप झाल्यावरच, कारण यात चांगल्या डिस्कला आपण जाणूनबुजून संशयित केबल लावतो. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. केबल, पोर्ट आणि एसएमपीएस (कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय) एकाच दुपारी बदलले की सर्व्हर चालू होतो, पण काय बिघडलं होतं ते कळत नाही आणि ती वाईट केबल ड्रॉवरमध्ये पडून पुढच्या वर्षी परत कुणाच्या तरी गळ्यात पडते. वाईट ठरलेली केबल कात्रीने कापून टाका.

कोकण-गोव्याच्या दमट हवेत पावसाळ्यानंतर कॉनेक्टर नुसते काढून परत लावल्यानेही फरक पडलेला पाहिला आहे.

४. वीज

सांगलीकडच्या एका बंगल्यात मिररमधली एक डिस्क सकाळी साडेसहाच्या सुमारास बाहेर पडायची. मालकांचा संशय बोअरच्या मोटरवर, कारण मोटरही त्याच वेळी सुरू व्हायची आणि ट्यूबलाइट क्षणभर मिणमिणायची. वायरमनने येऊन वायरिंग तपासलं, स्टॅबिलायझर लावून झाला, फरक नाही. डिस्कचा पॉवर सायकलचा आकडा पाहिला तर तो रोज एकने वाढत होता आणि अपटाइम मात्र अखंड. म्हणजे बाहेरून येणारी वीज ठीक होती. सर्व्हर उघडल्यावर कळलं की एसएमपीएसच्या एकाच चार-पिनी जुन्या कॉनेक्टरवरून दोन फाटे काढणारा स्प्लिटर लावला आहे. त्याच्या काळ्या प्लॅस्टिकला एका पिनभोवती तपकिरी कडा आली होती, हाताने हलवलं तर पिन आत-बाहेर होत होती.

साडेसहाचं कोडं असं. रात्री डिस्क झोपवण्याचं सेटिंग होतं आणि साडेसहाला मोबाइलचे फोटो चढवण्याचं काम सुरू व्हायचं. साडेतीन इंची डिस्क फिरत असताना १२ व्होल्टवर फार करंट घेत नाही, पण झोपेतून उठून गती घेताना काही सेकंद दोन अँपिअरच्या घरात ओढते. त्या ओढीला ढिली पिन तोकडी पडायची, व्होल्टेज खाली यायचं, डिस्क रीसेट व्हायची. स्प्लिटर फेकला, एसएमपीएसची मूळ सॅटा पॉवर केबल लावली. मोटर अजून त्याच वेळी सुरू होते.

तेव्हा चार-पिनीतून सॅटा बनवणारे, साच्यात ओतलेले स्वस्त स्प्लिटर शक्यतो वापरूच नका. त्यांतल्या तारा आतल्या आत चिकटून जळण्याचे प्रकारही होतात. तपकिरी कडा किंवा जळका वास आला तर त्याच मिनिटाला प्लग काढा.

आता घरातली वीज. इन्व्हर्टरवर सर्व्हर चालत असेल तर इन्व्हर्टरच्या मागची किंवा समोरची छोटी कळ बघा, बऱ्याच घरगुती इन्व्हर्टरना 'यूपीएस' आणि 'नॉर्मल' असे दोन मोड असतात. नॉर्मल मोडमध्ये मेन्सवरून बॅटरीवर जायला जास्त वेळ लागतो. पंखा-दिव्याला तो जाणवत नाही. कॉम्प्युटरचा एसएमपीएस पूर्ण लोडवर साधारण १६ मिलिसेकंदच तग धरतो. त्यापेक्षा उशीर झाला तर संपूर्ण सर्व्हर रीसेट होतो किंवा, त्याहून वाईट, व्होल्टेज अर्धवट ढासळून फक्त डिस्क रीसेट होतात. कळ यूपीएसवर ठेवा. तरी त्रास राहिला तर सर्व्हरपुरता छोटा लाइन-इंटरॅक्टिव्ह यूपीएस घ्या.

अर्थिंगबद्दल एकच सांगतो. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर पुढचं काही वाचू नका, काही उघडू नका, लायसन्सवाल्या वायरमनला बोलवा. जुन्या वाड्यांत आणि चाळींत तीन-पिनी सॉकेटच्या वरच्या भोकामागे तारच नसते, हे नेहमीचं आहे. तिथे तो डेटाचा नव्हे, जिवाचा प्रश्न असतो.

एसएमपीएस सात-आठ वर्षांचा, नावगाव नसलेला, कॅबिनेटसोबत आलेला असेल तर ओळखीच्याचा चांगला एसएमपीएस आठवडाभर उसना लावून बघा. विकत घेण्याआधीची ही सगळ्यात स्वस्त चाचणी. एसएमपीएसचं झाकण मात्र उघडायचं नाही. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये जीवघेणं व्होल्टेज उरतं.

५. यूएसबीवरचा मिरर

रास्पबेरी पायला दोन यूएसबी डिस्क लावून केलेला मिरर फार ठिकाणी दिसतो आणि फार ठिकाणी तुटतो. पाय ४ चे चारही यूएसबी पोर्ट मिळून १.२ अँपिअर देतात. दोन पोर्टेबल डिस्क एकदम फिरू लागल्या की हिशेब संपला. स्वतःचा अडॅप्टर असलेला हब किंवा डॉक लावा. तरीही टिकेल याची मी हमी देत नाही, कारण डिस्क आणि यूएसबीच्या मधली ब्रिज चिप स्वतःच अधूनमधून लिंक सोडते. काही खोक्यांत यूएएस (यूएसबी डिस्कशी बोलण्याची नवी, वेगवान पद्धत) बंद करून जुन्या पद्धतीवर नेल्यावर त्रास थांबतो, वेग थोडा कमी होतो. यूएसबीवर रेड करण्यापेक्षा एक डिस्क वापरात आणि दुसरीवर रोज रात्री आरसिंकने नक्कल, ही मांडणी घरासाठी जास्त शहाणपणाची.

६. उष्णता आणि वीजबचत

डिस्क ४५ अंशांच्या आत असेल तर निवांत राहा. बहुतेक डिस्कची कंपनीने दिलेली मर्यादा ६० च्या आसपास असते, पण नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात खोलीच चाळिशीपार जाते आणि कपाटात कोंडलेला सर्व्हर ती मर्यादा सहज गाठतो. दोन डिस्क एकमेकींना चिकटून लावल्या असतील तर मध्ये एक खाना मोकळा सोडा, समोरच्या पंख्याची जाळी झटका. बीआयओएस आणि लिनक्समधली सॅटा लिंकची वीजबचत 'मॅक्स परफॉर्मन्स'वर ठेवा. लिंक झोपेतून नीट न उठल्यामुळे रीसेट होणाऱ्या जोड्या असतात आणि यात जाणारी वीज नगण्य आहे.

७. डिस्कचा हट्ट आणि कर्नलची घाई

केबल नवी, वीज ठीक, स्मार्टमध्ये फार काही नाही, तरी डिस्क बाहेर पडते आणि त्याआधी सर्व्हर अर्धा मिनिट गोठतो. असं असेल तर ही पायरी तुमच्यासाठी आहे.

साध्या डेस्कटॉप डिस्कला एखादा सेक्टर वाचता आला नाही तर ती हट्टाने पुन्हा पुन्हा प्रयत्न करते, कधी मिनिट-दोन मिनिटं. या काळात ती कुणालाच उत्तर देत नाही. एकटी डिस्क असेल तर हा हट्ट बरोबरच आहे, कारण तो डेटा दुसरीकडे कुठेच नाही. पण लिनक्स उत्तरासाठी ३० सेकंदच थांबतं. मग लिंक रीसेट करतं, डिस्क अजून आपल्याच नादात असते, रीसेटलाही दाद देत नाही, आणि शेवटी कर्नल तिला मेलेली धरून रेडमधून काढतं. एका खराब सेक्टरपायी अख्खी डिस्क जाते.

मिररमध्ये व्हायला हवं होतं ते याच्या उलट. डिस्कने सात सेकंदांत 'जमत नाही' म्हणायचं. एमडी (लिनक्सचा रेड चालवणारा भाग) तो तुकडा दुसऱ्या डिस्कवरून वाचतं, पहिलीवर त्याच जागी परत लिहितं, आणि लिहिताना डिस्क त्या खराब सेक्टरच्या बदल्यात राखीव सेक्टर वापरते. तुम्हाला कळतसुद्धा नाही. दोन प्रती ठेवण्याचा सगळा फायदा याच क्षणी मिळायचा असतो, आणि वेळेचं गणित चुकलं की नेमका तोच हातचा जातो.

दुरुस्ती अशी. स्मार्टसीटीएलला डिस्कची 'एससीटी ईआरसी' मर्यादा, म्हणजे तिने हट्ट किती वेळ धरायचा ती वेळ, विचारा. नासच्या (म्हणजे नेटवर्कवरच्या फाइल सर्व्हरच्या) नावाने विकल्या जाणाऱ्या डिस्कवर ती बहुधा आधीच ७ सेकंद असते. आकडा दशांश सेकंदांत असतो, त्यामुळे तिथे ७० दिसेल. 'डिसेबल्ड' दिसलं तर वाचन आणि लेखन दोन्हींसाठी ७० लावा. 'सपोर्ट नाही' असं उत्तर आलं तर उलटीकडून जा: /सिस/ब्लॉक मध्ये त्या डिस्कच्या डिव्हाइस फोल्डरात टाइमआउट नावाची फाइल आहे, तिच्यातले ३० बदलून १८० करा. सर्व्हर कधी तरी तीन मिनिटं गोठेल, पण डिस्क बाहेर फेकली जाणार नाही.

दोन्ही सेटिंगं बंद-चालू केल्यावर विसरली जातात. यूडेव्हच्या (डिस्क जोडली की आपोआप चालणाऱ्या) नियमात किंवा सुरुवातीच्या स्क्रिप्टमध्ये घाला, नाही तर पुढच्या लोडशेडिंगनंतर तुम्ही पुन्हा इथेच याल.

याच पायरीवर डिस्कचा मॉडेल नंबर कंपनीच्या संकेतस्थळावर शोधा आणि ती सीएमआर (ट्रॅक शेजारी शेजारी) आहे की एसएमआर ते बघा. एसएमआरमध्ये कौलांसारखे एकावर एक चढवलेले ट्रॅक असतात, एक बदलायचा तर शेजारचेही पुन्हा लिहावे लागतात. रोजच्या वापरात हे खपून जातं. रिबिल्डमध्ये तासन् तास सलग लिखाण होतं, डिस्कची राखीव जागा भरते आणि मग ती थबकू लागते, कधी टाइमआउट होण्याइतकी. २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटलने नाससाठी विकल्या जाणाऱ्या आपल्या 'रेड' (लाल, मिररच्या रेडशी संबंध नाही) या मालिकेतल्या २ ते ६ टीबीच्या काही डिस्क एसएमआर असल्याचं मान्य केलं आणि सीएमआरसाठी 'रेड प्लस' हे वेगळं नाव काढलं. तेव्हा 'नास' हा शब्द खोक्यावर आहे एवढ्यावर जाऊ नका.

८. पोर्ट आणि कार्ड

मदरबोर्डचा दुसरा सॅटा पोर्ट वापरून बघा. काही बोर्डांवर एम-डॉट-टू स्लॉटमध्ये एसएसडी बसवली की एक-दोन सॅटा पोर्ट बंद पडतात, मॅन्युअलमध्ये ते लिहिलेलं असतं. जादा पोर्टांसाठी स्वस्तातलं कार्ड लावलं असेल आणि दोन्ही डिस्क आलटून पालटून बाहेर पडत असतील तर संशय कार्डावर. एक डिस्क बोर्डावर आणि एक कार्डावर ठेवली तर कार्ड मेल्यावर निदान अर्धा मिरर उभा राहतो.

९. खरंच डिस्कच खराब असेल तर

स्मार्टची लाँग टेस्ट लावा. ४ टीबीला रात्र जाते. शेवटी 'रीड फेल्युअर' आलं किंवा १९७ चा आकडा वाढत राहिला तर डिस्क बदलायची. वॉरंटी असेल तर हाच अहवाल छापून सोबत द्या, दुकानात वाद कमी होतो.

खराब होऊ लागलेली डिस्क अजून मिररमध्ये जिवंत असेल तर ती आधी काढू नका. नवी डिस्क तिसरी म्हणून लावा आणि एमडीएडीएमचा 'रिप्लेस' पर्याय वापरा. जुनी आत असतानाच नवी भरली जाते, त्यामुळे मधल्या काळात दोन प्रती राहतात. नवीचा आकार जुनीपेक्षा एका सेक्टरनेही कमी चालत नाही. आणि जमल्यास ती वेगळ्या बॅचची घ्या.

डिस्क निर्दोष ठरली आणि दोष केबलचा किंवा विजेचा होता, तर 'ॲड'ऐवजी आधी 'री-ॲड' करून बघा. रेडवर बिटमॅप (कोणता भाग बदलला त्याची नोंद) चालू असेल तर मधल्या काळात बदललेला भागच पुन्हा लिहिला जातो, सात तासांचं काम कधी दोन मिनिटांत होतं. बिटमॅप नसेल तर मिरर पूर्ण झाल्यावर चालू करा. मग स्वतः एकदा 'चेक' चालवा आणि मेलची सूचना खरंच येते का ते एमडीएडीएमच्या मॉनिटरला 'टेस्ट' पर्याय देऊन बघा. मेल न येणाऱ्या सर्व्हरवर एक डिस्क वर्षभर बाहेर पडलेली आणि कुणालाच पत्ता नाही, हे मी पाहिलं आहे.

इथे थांबा

- डिस्कमधून टकटक किंवा खरखर येते. वीज काढा. आतली हेड पृष्ठभागावर घासत असतील तर प्रत्येक मिनिटाला डेटा खरवडला जातो. फ्रीजरमध्ये ठेवण्याचा सल्ला कुणीही दिला तरी ठेवू नका.
- डिस्क बीआयओएसमध्येही दिसत नाही, आणि दुसरीवर पूर्ण प्रत नाही.
- दोन्ही डिस्क बाहेर पडल्या आहेत, किंवा रेड ५ (एकच डिस्क गेलेली सोसणारी मांडणी) मधल्या दोन.

शेवटच्या प्रकारात एक मर्यादित प्रयत्न घरी करता येतो. एमडीएडीएमच्या 'एक्झॅमिन'ने प्रत्येक डिस्कचा इव्हेंटचा आकडा (रेडमधल्या बदलांची मोजणी) बघा. आकड्यांत दोन-चारचाच फरक असेल, बॅकअप आहे किंवा डिस्कच्या सेक्टरन् सेक्टर प्रती डीडीरेस्क्यूने काढून ठेवल्या आहेत, तर 'असेंबल'ला 'फोर्स' जोडून रेड उभी राहू शकते. फरक हजारांत असेल तर एक डिस्क केव्हाच मागे पडली आहे आणि तिला जबरदस्तीने सामील केलं तर जुना-नवा डेटा एकमेकांत मिसळेल. 'क्रिएट' ही कमांड अशा वेळी चालवायचीच नाही, मंचावर कुणी कितीही आत्मविश्वासाने लिहिलेली असो. क्रम किंवा ऑफसेट चुकला की तुमच्या हातांनीच मांडणीवर पाणी पडतं. फाइलसिस्टिम तपासणारा एफएसचेकही नाही, तो दुरुस्त करताना लिहितो.

डेटा परत मिळवणाऱ्यांकडे जाताना एकच नाही, सगळ्या डिस्क न्या, मागच्या वर्षी बाजूला काढलेलीसुद्धा. प्रत्येकीवर कोणत्या पोर्टला होती ते लिहा, एक्झॅमिनचं पूर्ण उत्तर कागदावर छापून द्या, आणि घटना कोणत्या क्रमाने घडल्या ते काही न लपवता सांगा. खर्चाचा अंदाज लेखी मिळाल्याशिवाय डिस्क उघडू देऊ नका आणि डिस्क स्वच्छ खोलीत उघडणार का ते आधी विचारा. कुरिअर करायचं असेल तर प्रत्येक डिस्क वेगळ्या अँटिस्टॅटिक पिशवीत, भोवती दोन इंच फोम, आणि दोन्ही डिस्क एकाच खोक्यात नकोत. त्याच गावात असेल तर स्वतः नेऊन द्या.